ओढ्याकडेच्या पट्ट्याचेही मोजमाप व्हावे

मा. संपादक,
स. न.

ऊसशेतीतील उपग्रह व सेन्सर यांविषयीच्या कालच्या बातमीत उत्पादन किती वाढेल एवढेच आहे. खर्च किती वाचेल आणि ओढ्यात उतरणारे खत किती घटेल, याचा तिच्यात उल्लेखही नाही, हे शिरोळ तालुक्यातील शेतकऱ्याला खटकल्यावाचून राहत नाही.

माझ्या आडसाली (जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या) उसात एका कंपनीने ओलावा मोजणारा सेन्सर बसवला, तो रस्त्याकडेच्या निचऱ्याच्या तुकड्यात. ओढ्याकडचा पट्टा क्षारपड आहे. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरे मीठ फुटते आणि ऊस गुडघ्याच्या वर जात नाही. मोबाइलवर मात्र साऱ्या शेताला एकच निरोप येतो, की पाणी द्या. तसे ते दिले तर या पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढते आणि तिच्याबरोबर क्षारही वर येतात. खालच्या पट्ट्याची वेगळी नोंद मागितली, तेव्हा आकडे कंपनीच्या मालकीचे असल्याचे उत्तर मिळाले. शेत माझे आणि वर्गणीही मीच भरतो, तर आकडे मला का मिळू नयेत?

आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची (नायट्रोजनची) शिफारस आहे. जिथे पीक उभेच राहत नाही तिथे ही पूर्ण मात्रा टाकली, तर मुळांनी न उचललेले नत्र नायट्रेट होऊन पाटपाण्याबरोबर झिरपते आणि ओढ्यावाटे पंचगंगेला मिळते. जलपर्णी पसरली की आपण सांडपाण्यावर लिहिता व ते योग्यच आहे, पण शेतातून जाणाऱ्या या वाट्याची मोजदाद कोण करणार? सरकारी माती परीक्षणाच्या मृदा आरोग्य पत्रिकेतही बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीला एकच नमुना घेतात. एक-दोन एकरवाल्याला त्यातून स्वतःच्या रानाचे काय कळणार?

शिवाय शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली, की मोटार सुरू करून लोक घरी जातात आणि सकाळपर्यंत पाणी सरीबाहेर वाहते. सेन्सरने कितीही अचूक वेळ सांगितली तरी ती पाळायची कशी?

प्रत्येक तुकड्याचा सामू (आम्ल-विम्लता), क्षारता आणि ओलावा शेतकऱ्याच्या हाती द्यावा आणि तेच आकडे ओढानिहाय एकत्र करावेत. क्षारपड सुधारायला जमिनीखालून निचऱ्याचे पाइप टाकायचे, तर त्यांचे तोंड शेजाऱ्यांच्या रानांतून ओढ्यापर्यंत न्यावे लागते, आणि कोणाचे पाणी कुठे तुंबते हे कागदावर दिसल्याशिवाय शेजारी त्याला कबूल होत नाहीत.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर