तीन देशांतला फोटो

कोल्हापूर, २ जानेवारी

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

फोन आला की तुझी आई तो माझ्या हाती येऊ देत नाही, म्हणून लिहायला बसलो.

फोटो सगळे बघितले. जर्मनीतल्या आखेनचा ख्रिसमस बाजार, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या जुन्या चर्चमधलं पुस्तकांचं दुकान, बेल्जियममधल्या लिएजच्या पायऱ्या. मला आवडला तो वाल्सच्या डोंगरावरचा. एक पाय जर्मनीत, दुसरा नेदरलँड्समध्ये, आणि वाकून हात टेकलायस बेल्जियममध्ये. डोंगर म्हणजे ३२२ मीटर! आपलं कोल्हापूर स्टँडच पाचशेच्या वर आहे.

मी वाचलं त्यावर. तिथं एके काळी तीन नव्हे, चार सीमा मिळायच्या. मोरेस्ने नावाचा चिमुकला मुलूख होता, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा. आत जस्ताची खाण. प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्यालाही हवी, नेदरलँड्सलाही हवी. शेवटी १८१६ मध्ये ठरलं, की कुणालाच नको, मधेच राहू दे. राहिला की शंभर वर्षं! १९२० मध्ये बेल्जियमकडे गेला. अठ्ठावीस वर्षं कोल्हापूर-बेळगाव गाडीवर तिकिटं फाडली मी. सीमाभागात तापलं की गाडी कागललाच उभी, आणि प्रवासी माझ्यावर खेकसणार, जणू सीमा मीच आखली. त्यामुळे तू हसत सीमेच्या दगडाभोवती गोल फिरतेयस तो व्हिडिओ मी चारदा बघितला.

आता हिशेबाचं. दोन दिवस फोन नाही, आणि वर सांगतेस, "बाबा, दुसऱ्या देशात रोमिंगचे पैसे पडतात." युरोपियन युनियनमध्ये ते २०१७ सालीच बंद झाले. विनातिकीट माणूस मला चेहऱ्यावरून कळायचा, तू तर माझीच पोरगी. आईला हे बोललेलो नाही.

पासपोर्ट खोलीवर ठेवून निघालात, तेही बरं नाही. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केलीय. नुसतं तिथं राहण्याच्या परवान्याचं कार्ड पुरत नाही, पासपोर्टही जवळ लागतो. एरवी कुणी विचारत नसेल, पण ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी?

आणि लिएजचा फोटो. ३७४ पायऱ्या म्हणे. तुम्ही सगळे वर उभे, दात काढून. मी मोठा करून बघितला. तुझ्या पायात महाद्वार रोडवरचे तेच कापडी बूट, डाव्याचं टोक भिजून काळं पडलेलं, आणि गुडघ्यावर पँटला चिखल. पडलीस ना? थंडीच्या बुटांसाठी ऑक्टोबरात पैसे पाठवले होते. ते कुठं गेले मला कळलं. रागावलो नाही. तुझ्या वयात मी निपाणीच्या पुढं गेलो नव्हतो.

बाजारातला तो लाल कप अनामतीवर पाणी सोडून घरी आणलास, ते आईला फार आवडलं. त्यातून गरम चॉकलेट देतात, असं मी तिला सांगितलंय. तूही तेच सांग.

काल पुन्हा पैसे टाकलेत. या वेळी बूटच. जाड तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे. घेतलेस की फोटो पाठव. चेहरा नको, पायांचाच.

तुझे
बाबा