परदेशी खेळाडूंना वेळ द्या

महोदय,

अमेरिकी फुटबॉलमधल्या परदेशी खेळाडूंच्या निवडीकडे 'तमाशा' म्हणून पाहणाऱ्यांशी मी सहमत नाही. मी वीस वर्षं मुलांना मैदानावर शिकवतो आहे. कच्चा खेळाडू घडायला किती वेळ लागतो हे मला ठाऊक आहे.

जॉर्डन मायलाटाचं उदाहरण घ्या. सिडनीचा हा पोरगा रग्बी लीग खेळायचा. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगने २०१७ मध्ये सुरू केलेल्या परदेशी खेळाडूंच्या उपक्रमातून तो पुढे आला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, फिलाडेल्फिया ईगल्स या संघाने त्याला सातव्या फेरीत, २३३ व्या क्रमांकावर घेतलं. तोवर अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना तो खेळला नव्हता! पहिली दोन वर्षं पाठीच्या दुखण्यातच गेली. पण संघाने त्याला सोडलं नाही. आज तो डावीकडून क्वार्टरबॅकची, म्हणजे चाल सुरू करून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, पाठ राखतो. त्याची पावलं बघा. एवढा अवाढव्य माणूस, पण आधी बूड खाली, पाय मागे सरकतात आणि मगच हात पुढे येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ईगल्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, ४०-२२ असा जिंकला, तेव्हा माझे डोळे भरून आले.

माझी तक्रार कॅनडाच्या फुटबॉल लीगबद्दल आहे. तिथल्या ग्लोबल ड्राफ्टमधून, म्हणजे अमेरिका-कॅनडाबाहेरच्या खेळाडूंच्या निवडीतून, बऱ्याच संघांनी ऑस्ट्रेलियाचे पंटर, म्हणजे लाथेने चेंडू लांब उडवणारे खेळाडू, घेऊन जागा भरल्या. पंट मारणं हे मोठं कसब, त्यांचा मान आहेच. पण युरोप-मेक्सिकोतल्या लाइनमननी (पुढच्या फळीत झुंजणारे) आणि रिसीव्हरनी (फेकलेला चेंडू झेलणारे) मैदानात उतरायचं कधी? सरावाच्या जर्सीत बाकावर बसून कुणी शिकत नाही. त्यांना खेळवा.

— एक क्रीडाशिक्षक