९८ महिन्यांनंतर नाकारलेल्या क्लेमबाबत तक्रार

तासगाव, जि. सांगली
दिनांक : ८ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय : पत्नीच्या अँजिओप्लास्टीचा क्लेम नाकारल्याबद्दल आणि पॉलिसी रद्द करण्याच्या नोटिशीबद्दल

महोदय,

मी तासगावात पिठाची गिरणी चालवतो. १४ ऑगस्ट २०१७ पासून माझी आणि पत्नीची मिळून पाच लाखांची फॅमिली फ्लोटर पॉलिसी तुमच्याकडे आहे. पहिल्या वर्षी १४,९०० रुपये भरले होते, यंदाच्या ऑगस्टमध्ये जीएसटी धरून ४३,१८८. नऊ हप्त्यांची बेरीज २,३०,३८८ रुपये होते, पावत्या सोबत आहेत. एकाही वर्षी खंड नाही, एकदाही क्लेम नाही. २०२० साली ऑगस्टमध्येच गिरणीची मोटर जळाली. तेव्हा मोटर उधारीवर भरून घेतली, पण तुमचा हप्ता रोख भरला.

१० नोव्हेंबरला पहाटे तीनच्या सुमारास पत्नीच्या छातीत कळा सुरू झाल्या आणि दरदरून घाम फुटला. इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि एक मिनिटही न थांबता मिरजेला न्यायला सांगितलं. पुतण्याने गाडी काढली. हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न आला, "मेडिक्लेम आहे का?" मी तुमचं कार्ड पुढे केलं. सकाळी सातपर्यंत डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला होता. कॅशलेसची, म्हणजे बिल तुम्ही थेट हॉस्पिटलला भरावं अशी विनंती ९ वाजून १० मिनिटांनी गेली. ११ वाजता तुमची पहिली क्वेरी आली, की बीपी कधीपासून आहे. दुपारी दोनला दुसरी, की जुने कागद पाठवा. पुतण्या तासगावला परत जाऊन कागद घेऊन आला. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी नकार आला. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसचा निर्णय एका तासात द्यावा असं लिहिलं आहे. आम्हाला साडेनऊ तास लागले. डॉक्टर तुमच्या होकारासाठी थांबले असते तर काय झालं असतं, ते लिहायला हात धजत नाही.

१३ तारखेला डिस्चार्ज मिळाला. बिल २,४६,३०० रुपये. पत्नीच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण ठेवून १,२०,००० उभे केले, उरलेले बेदाण्याच्या व्यापारात असलेल्या मेहुण्याने दिले. मग सगळी मूळ बिलं जोडून तुमच्याकडे परताव्याचा क्लेम टाकला. २८ नोव्हेंबरला उत्तर आलं, तीन ओळींचं : पॉलिसी घेताना उच्च रक्तदाबाची माहिती लपवली, सबब क्लेम नामंजूर, आणि पॉलिसी रद्द का करू नये याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा.

लपवली, हा शब्द मला फार लागला. तो कुठून आला हे मी हॉस्पिटलचे कागद काढून पाहिलं. भरतीच्या केस पेपरवर ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी "बीपी : १० वर्षे" असं लिहिलं आहे. ही माहिती पुतण्याने दिली. पहाटे साडेचारला काकूला स्ट्रेचरवरून आत नेत असताना त्याला विचारलं, बीपी किती वर्षं? तो म्हणाला, असतील दहाएक वर्षं. त्याला नक्की ठाऊक नव्हतं. प्रत्यक्षात गोळी सुरू झाली फेब्रुवारी २०१९ मध्ये, पॉलिसी घेतल्यानंतर दीड वर्षाने. आमच्या डॉक्टरांचं पहिलं प्रिस्क्रिप्शन आणि दाखला जोडला आहे. शिवाय २०१७ मध्ये पॉलिसी देण्याआधी तुम्हीच सांगलीच्या लॅबमध्ये आम्हा दोघांची तपासणी करून घेतली होती. त्या अहवालात पत्नीचा बीपी १२८/८२ आहे. तो अहवाल तुमच्याच फाइलमध्ये असला पाहिजे. क्लेम नाकारण्याआधी तुमच्यापैकी कुणी तो उघडून पाहिला का?

आता घटकाभर धरून चालू, की पुतण्याचं म्हणणं खरं होतं. तरीही तुम्हाला हा क्लेम नाकारता येत नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालली, की माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनी क्लेमवर हरकत घेऊ शकत नाही. सिद्ध झालेली फसवणूक एवढाच अपवाद. १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत ६० महिने आहे, त्याआधी ती आठ वर्षं होती. पत्नी भरती झाली त्या दिवशी आमच्या पॉलिसीला ९८ महिने पूर्ण झाले होते. म्हणजे जुन्या आठ वर्षांच्या मोजमापानेही आम्ही पार होतो. तुमच्या स्वतःच्या पॉलिसीपुस्तिकेत "मोरेटोरियम" (म्हणजे हीच मुदत) या मथळ्याखाली हेच छापलेलं आहे. ते पान झेरॉक्स करून खूण करून पाठवत आहे. तुमच्या पत्रात फसवणूक हा शब्द नाही, तिचा पुरावा तर नाहीच. पॉलिसीच्या कुठल्या कलमाखाली क्लेम नाकारला तेही लिहिलेलं नाही, जे लिहिणं तुम्हाला बंधनकारक आहे. क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या, म्हणजे कंपनीच्याच क्लेम तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय कंपनीने क्लेम नाकारायचा नाही, असंही त्याच २०२४ च्या परिपत्रकात आहे. आमचं प्रकरण त्या कमिटीपुढे कोणत्या तारखेला गेलं ते मला लेखी कळवावं.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे, कारण तिने मला गेला महिनाभर झोप लागू दिलेली नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे. रेशनकार्डाचा रंग आड येत नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत, आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते. आम्ही गेलो ते हॉस्पिटल योजनेत नव्हतं. त्या पहाटे खिशात तुमचं कार्ड नसतं, तर मी पहिल्यांदा योजनेतलं हॉस्पिटल कुठलं हेच विचारलं असतं. कार्ड होतं म्हणून विचारलं नाही. आमच्यासारखी छोट्या धंद्यातली माणसं सरकारी योजनेवर भार नको, आपलं आपण भरू, अशा विचाराने पोटाला चिमटा काढून हप्ते भरतात. वेळ आल्यावर कंपनीने हात वर केले, तर त्या माणसाला योजनाही मिळत नाही आणि विमाही नाही. माझ्या गिरणीवर दळण घेऊन येणाऱ्या चौघांनी तरी मला विचारलं आहे, की पॉलिसी घ्यावी का. पूर्वी मी लगेच हो म्हणायचो. आता काय सांगावं कळत नाही.

पॉलिसी रद्द करण्याची नोटीस तर मला क्लेमपेक्षाही जड वाटते. पत्नी ५८ वर्षांची आहे, हृदयात स्टेंट आहे. तुम्ही बाहेर काढलं तर दुसरी कंपनी तिला दारात उभी करेल का, याची मला खात्री नाही. केलीच तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्या दिवसापासून लागू शकतो. नऊ हप्ते भरून आम्ही जी जागा मिळवली, ती तीन ओळींच्या पत्राने काढून घेता येणार नाही. हे पत्र हाच माझा खुलासा समजावा आणि नोटीस लेखी मागे घ्यावी.

क्लेमची २,४६,३०० रुपयांची रक्कम, उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा दोन टक्के जास्त दराने व्याजासह, माझ्या खात्यात जमा करावी. पाटल्या सोडवायच्या आहेत, पतसंस्थेचं व्याज दर महिन्याला चढतं आहे. ही तक्रार मी आजच आयआरडीएआयच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही नोंदवली आहे. एक महिन्यात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्यांकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही, आणि कागद माझ्याकडे सगळे आहेत.

फोनवर बोलायचं असेल तर दुपारी एक ते चार गिरणी बंद असते, तेव्हा करावा. एरवी चक्कीच्या आवाजात ऐकू येत नाही. पत्नीला मात्र या विषयावर फोन करू नये, डॉक्टरांनी तिला ताण देऊ नका असं सांगितलं आहे.

आपला,
पॉलिसीधारक

सोबत : नऊ हप्त्यांच्या पावत्या, २०१७ चा तपासणी अहवाल, २०१९ चं प्रिस्क्रिप्शन व डॉक्टरांचा दाखला, डिस्चार्ज समरी, बिलांच्या प्रती, पॉलिसीपुस्तिकेतलं मोरेटोरियमचं पान, २८ नोव्हेंबरच्या पत्राची प्रत