‘वडील शेतकरी’ एवढ्यावर भागत नाही

महोदय,

आपल्याकडे कॉलेजचा प्रवेश म्हणजे गुण आणि सीईटी. त्यामुळे अझीम प्रेमजी विद्यापीठ किंवा आयआयएमसारख्या ठिकाणी लेखी परीक्षेत निभावलेली खान्देशातली मुलं मुलाखतीत अडखळतात. क्लासच्या झेरॉक्सवरचं ‘माय वीकनेस इज, आय ट्रस्ट पीपल टू इझिली’ समोरच्यांनी सकाळपासून दहादा ऐकलेलं असतं.

त्यांच्या पुढ्यात असतो तुमचा फॉर्म आणि प्रश्न निघतात त्यातूनच. तो भरला त्याच दिवशी प्रत काढून ठेवावी आणि प्रत्येक ओळीखाली निदान तीन प्रश्न स्वतःच लिहावेत. समजा, वडिलांचा व्यवसाय शेती, तालुका रावेर. मग केळी किती एकर? कंद लावता की टिश्यू कल्चरची रोपं? पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी किती बसतात? (43,560 भागिले 25, म्हणजे सुमारे 1,740. हा भागाकार तिथेच तोंडी करायला सांगतात.) सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग आला की झाड उपटूनच का टाकायचं? कारण विषाणूवर औषध नाही आणि मावा तो शेजारच्या झाडावर नेतो. इथले शेतकरी बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे डोळे लावून का बसतात? ‘मी शेतकऱ्याचा मुलगा’ म्हणणाऱ्याला यातलं काहीच सांगता आलं नाही, तर ते वाक्य त्याच्यावरच उलटतं. वडिलांबरोबर बांधावर एक संध्याकाळ काढली तरी यातलं बरंच हाती लागतं.

गावाबद्दलही तसंच. फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, हे पाठ असतं. ते खेड्यातच का भरवलं, हा पुढचा प्रश्न. नंदुरबारच्या टेंभलीत 2010 मध्ये देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, असं सांगितलंत की त्याने गावात काय बदललं, हे विचारणारच. ज्याच्या पुढे बोलता येत नाही, तो विषय आपण होऊन काढू नये. ‘छंद : वाचन’ लिहिणाऱ्यांनी तर जास्तच जपावं.

घरी अहिराणी, लेवा गणबोली किंवा पावरी बोलली जाते, याचा संकोच नको. हिंदीत उत्तर दिलं तर चालेल का, हे सुरुवातीलाच विचारावं. अडल्यावर विचारलं की ती पळवाट वाटते. येत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणून मोकळं व्हावं.

मुलाखत ऑनलाइन असेल तर फोन आडवा, पुस्तकांच्या थप्पीवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवावा. खिडकी समोर हवी. पाठीमागे असली की चेहरा काळा दिसतो. इनकमिंग कॉल आला की माइक तिकडे जातो, म्हणून कॉल बंद करून बसावं. मामांचा ‘झाली का रे?’ नेमका तेव्हाच येतो. लोडशेडिंगची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन चार्ज करून हाताशी ठेवावा.

कागदपत्रांत दोन गोष्टी नडतात. राज्याचं तीन वर्षांचं नॉन-क्रिमीलेअर केंद्रीय संस्थांत चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो आणि तो कोणत्या तारखेनंतरचा हवा, हे मुलाखतीच्या पत्रात नीट वाचावं. दुसरं म्हणजे नाव. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. ‘चौधरी’च्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर ‘ए’, दुसऱ्यावर ‘ओ’. हा फरक संस्थेला आधीच ईमेलने कळवावा.

कनिष्ठ महाविद्यालयांना एक विनंती. सराव मुलाखत आपल्याच सरांनी घेतली तर मुलगा घाबरत नाही, म्हणून ती फुकट जाते. धुळ्याचे दोन शिक्षक जळगावला, जळगावचे दोन धुळ्याला, असा एक शनिवार ठरवावा. प्रत्येकाला पंधरा मिनिटं द्यावीत, मोबाइलवर रेकॉर्डिंग करावं आणि ते मुलाला आधी फक्त ऐकवावं. चित्र दिसलं की तो स्वतःचे केसच बघत बसतो.

— प्रवेश मार्गदर्शन करणारे काही शिक्षक, जळगाव