कथा वाचायला शिकवायला हवे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील मराठी दैनिकांच्या रविवारच्या पुरवण्यांत पुस्तक-परिचय नेमाने येतात आणि येथील वाचक ते आवडीने वाचतो. मात्र कथानकाचा गोषवारा, लेखकाचे कौतुक आणि पुस्तक संग्रही ठेवण्याची शिफारस यांपलीकडे ते क्वचितच जातात. याचा दोष मी परिचय लिहिणाऱ्यांना देणार नाही, कारण कथा-कादंबरी कशी वाचावी हे आपण त्यांना शाळेतही शिकवलेले नसते. तेथे कथेचे तात्पर्य विचारतात, पात्राचे स्वभावचित्र चार ओळींत मागतात, आणि ही दोन्ही उत्तरे मूळ कथा न उघडता मार्गदर्शकातून पाठ करता येतात. मी मराठीची शिक्षिका आहे आणि मुलांचे हे नुकसान माझ्या मनाला फार लागते.

चिकित्सक वाचन म्हणजे दोष काढणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. माझ्या मते त्याची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होते: ही गोष्ट कोण सांगत आहे, आणि सांगणाऱ्याला किती ठाऊक आहे? हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. ती तिची नायिका यमू स्वतः सांगते. लहान यमूच्या डोळ्यांसमोर जे घडते त्याचा अर्थ त्या वेळी तिला कळत नाही, सांगणाऱ्या यमूला मात्र तो कळून चुकलेला असतो, त्यामुळे एकाच वाक्यात कधीकधी दोन वये बोलतात. हीच हकिकत त्रयस्थ निवेदकाने सांगितली असती, तर विधवा यमूच्या केशवपनाचा प्रसंग सुधारणेवरचे व्याख्यान होण्याचा धोका होता. शिवाय हा स्त्रीचा आवाज एका पुरुषाने लिहिला आहे. तो कोठे यमूचा वाटतो आणि कोठे तिच्याआडून सुधारक आपटे बोलू लागतात, हे शोधत वाचले की कादंबरीचे मोठेपण कमी न होता अधिक कळते. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ च्या ‘कोसला’ कादंबरीतील निवेदक पांडुरंग सांगवीकर तर आपल्या विधानांवर विश्वास ठेवायचा की नाही, अशा पेचात वाचकाला सतत ठेवतो. तोच बेफिकीर पांडुरंग धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी आला की त्याची भाषा कशी बदलते, हे मोठ्या वर्गातील मुलांना बोट ठेवून दाखवता येईल.

आपल्या प्रदेशात एक वेगळी अडचण आहे. येथे सारे एकमेकांना ओळखतात, म्हणून गोव्याच्या भूमीवरची कथा हाती पडताच हे पात्र कोणावरून घेतले आणि हा गाव कोणता, याचाच शोध सुरू होतो. ओळख पटली की वाचन संपले असे मानले जाते. लेखकाने प्रत्यक्षातले काय गाळले, काय बदलले आणि कशासाठी, हा खरा प्रश्न मग कोणी विचारत नाही.

चिकित्सा आपल्या स्वभावात नाही, हे मात्र मला मान्य नाही. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेतील प्रयोग पाहून परतणारा फोंड्याचा प्रेक्षक नेपथ्य, प्रकाशयोजना, एखाद्या पात्राची चुकीच्या क्षणी झालेली एंट्री यांवर रात्री उशिरापर्यंत वाद घालतो. तो नाटकाचे तात्पर्य विचारत बसत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या प्रयोग पाहून त्याची नजर तयार झाली आहे. कथेसाठीही तशी नजर घडवता येईल.

त्यासाठी पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि तालुक्यांची ग्रंथालये यांनी महिन्यातून एकदा एकच लघुकथा घेऊन बसावे. ती प्रथम अखंड वाचावी आणि नंतर थांबत थांबत पुन्हा वाचावी, कारण शेवट ठाऊक झाल्यावरच आरंभीच्या साध्या वाटलेल्या तपशिलांचे प्रयोजन उमगते. लेखकाचे चरित्र आणि त्याला मिळालेले पुरस्कार तेवढा वेळ बाजूला ठेवावेत. वाचकाने आपल्या प्रत्येक मताला कथेतलीच ओळ आधार म्हणून दाखवावी, एवढा एक नियम पुरे आहे.

आपणही पुरवणीतील एखाद्या परिचयाच्या जागी पूर्वी प्रसिद्ध झालेल्या एखाद्या कथेचे असे बारकाईचे वाचन छापावे आणि त्यावर वाचकांची, विशेषतः उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांची, मतभेद नोंदवणारी पत्रे मागवावीत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली नम्र,
एक मराठी शिक्षिका,
फोंडा, गोवा