सहलीच्या ठिकाणांसोबत पालकांनी दिलेली माहितीही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की पुरवण्यांमध्ये एक दिवसाच्या सहलींची ठिकाणे येऊ लागतात. मी ती कात्रणे जपून ठेवते. पण लहान मुलांना घेऊन निघणाऱ्या आईला जे हवे असते ते त्यात क्वचितच सापडते. चढ किती दमवतो, सावली कुठल्या वेळी मिळते, मुलाला मध्येच शू लागली तर सोय आहे का, परतीची गाडी कधी, आणि कोणत्या महिन्यात तिथे अजिबात पाऊल टाकू नये, हे सगळे मला आजवर कळले ते शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या इतर आयांकडून. त्यांच्याकडची ही माहिती छापून यावी म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आम्ही चिंचवडला राहतो. मुलगी तिसरीत आहे, मुलाला नुकती पाच वर्षे पूर्ण झाली, सासूबाई सत्तरीच्या. घरात चारचाकी नाही, त्यामुळे आमच्या सहली लोकलने नाही तर एसटीने. एसटीत महिलांना 2023 पासून अर्धे तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे आणि 65च्या पुढच्या ज्येष्ठांनाही सवलत आहे. म्हणजे आमच्या घरात पूर्ण तिकीट फक्त मुलांच्या बाबांचे लागते. सहल म्हटली की गाडी, हॉटेल आणि हजारो रुपये असे अनेकांना वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पहिल्यांदाच मुलांना घेऊन निघणाऱ्यांना मी भाजे लेणी सुचवते. लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचे. चिंचवडनंतर आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मग मळवली; माझ्या मुलीला ही स्टेशने आता तोंडपाठ झाली आहेत. स्टेशनातून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून अर्ध्या तासात भाजे गावात पोचतो. पुढे पायऱ्या आहेत, पण मुले त्या धावत चढतात, आणि सासूबाई थांबत थांबत का होईना, वर आल्या. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. त्यामुळे सकाळी तिथे सावली असते आणि दुपारनंतर ऊन थेट आत येते. लहान मुलांसाठी सकाळच बरी.

ही लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत, हे मुलांना सांगून काही उमगत नाही. चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनात, उभे करून वर बघायला सांगा. छत डोंगरातच कोरलेले, तरी त्याला आतून लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत आणि त्यातल्या काही मूळच्या, त्या काळच्या आहेत. माझ्या मुलीने लगेच विचारले, दगडाचे छत पडणार नाही, मग लाकूड कशाला? मी तिला सांगितले की आधी अशा इमारती लाकडाच्याच असायच्या. दगडात कोरायला लागले तरी कारागिरांच्या डोळ्यांपुढे घर तेच होते. मग तिने स्वतःच पुढची गोष्ट हेरली, की खांब सरळ उभे नाहीत, आत झुकलेले आहेत. तेही लाकडी बांधकामाचेच वळण. पुढे दक्षिणेच्या टोकाला एका विहारात, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यात, रथातला सूर्य आणि हत्तीवर बसलेला इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत, आणि तबल्यासारखे वाद्य वाजवणारी एक बाईही. मुलाने ती बाई शोधून काढली आणि तिच्यासमोर बसून मांडीवर ठेका धरला. त्याला तिथून उठवायला वेळ लागला, आणि आम्हीही घाई केली नाही.

15 वर्षांखालच्या मुलांना तिथे तिकीट नाही. पाणी आणि डबा घरून न्यावा. दुपारी लोकल कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवावी. आणि कळकळीची विनंती, त्याच दिवशी कार्ला आणि लोहगड उरकायचा मोह टाळा. कार्ल्याचे चैत्यगृह देशात सर्वांत मोठे आहे, त्याला वेगळा दिवस द्यायला हवा. त्यातही रविवारी तिथे शेजारच्याच एकवीरा देवीच्या दर्शनाची गर्दी असते, म्हणून शाळेच्या सुट्टीतला मधला वार निवडावा. एका दिवसात चार ठिकाणे दाखवली की मुलांच्या लक्षात फक्त गाडीत झालेली उलटी राहते.

नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीलाही असाच वेगळा दिवस द्यावा. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांतल्या 14 मध्यभागी आहेत आणि बाकीच्या तीन दिशांना कित्येक किलोमीटर पसरलेल्या. 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला ती सर्वांसाठी खुली होते आणि शाळकरी मुलांचे प्रयोगही मांडलेले असतात. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण असल्याने मोबाइल बंद ठेवावे लागतात. पालकांसाठी हा त्या सहलीचा मोठा फायदाच म्हणायला हवा! मात्र तिथे चालणे भरपूर आणि ऊन लख्ख, तेव्हा टोप्या हव्यात.

भिगवणला उजनी धरणाच्या पाणफुगवट्यावर रोहित पक्षी बघायला हिवाळ्यात, उजाडता उजाडता पोचावे. होडीत बसण्याआधी मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे आहेत का हे विचारावे. नसतील तर काठावरूनही चित्रबलाक आणि चमचे हे पक्षी दिसतात.

आता जो मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पाण्यासोबत भोवऱ्यात फिरणाऱ्या दगडगोट्यांनी काळा कातळ घासून घासून रांजणाएवढे खड्डे कोरले आहेत. भूगोलाच्या पुस्तकातले एक अख्खे पान तिथे मुलांच्या पायाखाली असते, म्हणून मी ते आवर्जून सुचवते. पण सोबत सांगते की उन्हाळा लागण्याआधी जा, पावसाळ्यात मुलांना घेऊन जाऊच नका, आणि कडेला मुलाचा हात एका मोठ्या माणसाने धरलेला असलाच पाहिजे. नुसते नाव आणि सुंदर छायाचित्र छापले, तर वाचणारा जुलैमध्येही निघेल. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत मुले होती. 15 जून 2025 रोजी तळेगावजवळच्या कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांसह इंद्रायणीत कोसळला. दोन्ही दिवस रविवारचे. ती सगळी आपल्यासारखीच फिरायला निघालेली माणसे होती. म्हणून प्रत्येक ठिकाणाच्या नावाखाली ‘कधी जाऊ नये’ ही ओळ ठळक अक्षरांत यायला हवी.

दुसरी ओळ स्वच्छतागृहाची. एका ठिकाणी आम्ही गेलो तर त्याला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. सासूबाईंनी दिवसभर पाणी पिणे टाळले आणि घरी येऊन आजारी पडल्या. बायकांनी हे किती वर्षे सोसायचे? सोय आहे की नाही एवढे आधी कळले तरी निघतानाच ठरवता येईल.

माझी सूचना अशी की सुट्टीच्या काळात दर आठवड्याला एका पालकाला एका ठिकाणाबद्दल लिहायला सांगावे. त्याने स्वतः मुलांना नेलेले असावे, आणि कोणत्या वयाच्या, कोणत्या महिन्यात, कशाने, हे लिहावे. माझ्याकडून भाजे लेण्यांचा मजकूर मी लगेच पाठवते.

वाचकांना एक विचारायचे आहे. आमच्या इमारतीतला एक मुलगा चाकाच्या खुर्चीवर असतो. माझ्या मुलीच्या वर्गातलाच. वर सांगितलेल्या ठिकाणी पायऱ्या आहेत, कातळ आहे, होडी आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते त्याला फार आवडतील, पण तिथेही मजले चढावे लागतात. पुण्यापासून एका दिवसात जाऊन येता येईल आणि त्याला सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत येता येईल, असे ठिकाण कोणी स्वतः पाहिले असेल तर कृपया याच सदरात कळवावे. या सुट्टीत त्याला सोबत न्यायचे आम्ही ठरवले आहे.

आपली,
एक पालक, चिंचवड