चाकाची तार

कर्वेनगर, पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं काल पहाटे सुखरूप घरी पोहोचलो. फोनवर मी एवढंच सांगितलं होतं, की सांगोल्यापर्यंत सायकलवर येणं या वेळी जमत नाही, दापोलीहून परत फिरतोय. आई, त्यानंतर तू जरा गप्पच झालीस. तू आमच्यासाठी शेंगापोळ्या करून ठेवल्या होत्यास, हे मला ठाऊक आहे. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि तू त्यांना निम्मंच सांगतेस, म्हणून हे पत्र. यात काही गाळलेलं नाही. बाबा, तुम्ही सवडीनं, भिंग घेऊन वाचा.

पहिला दिवस ताम्हिणीचा. चांदणी चौकातून उजाडायच्या आत निघालो. पिरंगुट, पौड मागे टाकून मुळशीच्या पाण्याकाठी पोहोचलो, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. बाबा, तुमची नोकरी विजेच्या तारांवरची, म्हणून तिथे तुमची फार आठवण झाली. हे सगळं पाणी मूळचं पूर्वेकडे वाहणारं. टाटांनी ते धरणात अडवलं आणि सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. ते वीजघर 1927 पासून चालू आहे. डोंगरावरून जाणारे मनोरे आणि तारा बघून मी ह्याला म्हटलं, बाबा असते तर इथे तासभर थांबले असते. ज्यांची भातखाचरं या पाण्याखाली गेली, त्या मावळातल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर 1921 साली इथेच सत्याग्रह केला होता. मी त्या काठावर उभी राहून पाणी प्यायले, आणि आपल्या घरातल्या दिव्यापर्यंत वीज येण्यासाठी कुणाकुणाचं काय काय गेलं असेल, हा विचार घाट उतरेपर्यंत डोक्यातून गेला नाही.

घाट छान उतरलो. निजामपूरच्या अलीकडे ह्याचं पुढचं चाक बसलं. ट्रकचा टायर फुटला की त्याच्या आतल्या बारीक पोलादी तारा रस्त्यावर विखुरतात. केसाएवढी तार असते, डोळ्याला दिसतही नाही. टायरच्या आतून बोट फिरवूनच ती शोधावी लागते, नाहीतर नवी ट्यूबही लगेच जाते. तार सापडली, ट्यूब बदलली, आणि नेमका पंपाचा रबरी वॉशर चिरला. आमच्या ट्यूबचं तोंड चिंचोळं असतं, मोटारसायकलच्या हवेची नळी त्याला बसत नाही. त्यासाठी एक पितळी टोपण मिळतं, ते आमच्याजवळ होतं. पुढे ट्रकचे टायर काढणाऱ्या एका मुलाने कॉम्प्रेसरने हवा भरून दिली. पैसे घेतले नाहीत. माणगावला मुक्काम केला, तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. आई, तू बजावलं होतंस, की सायकल चालवताना कडक उपवास करायचा नाही. केला नाही. केळी, दाण्याचे लाडू, ताक असं सारखं पोटात होतं. म्हसळा, श्रीवर्धन करत दुपारी हरिहरेश्वरला पोहोचलो. गर्दी म्हणजे पाऊल ठेवायला जागा नाही. रांगेत उभं राहून दर्शन घेतलं, तुमच्या दोघांच्या नावाने बेल वाहिला. मग जिथे फोनवर खोली सांगून ठेवली होती तिथे गेलो, तर खोली दुसऱ्यांना दिलेली. बाकी सगळी घरं भरलेली. अंगणात झोपा म्हणणारेही भेटले, पण आम्ही ठरवलं की बागमांडल्याला जाऊन खाडी ओलांडायची आणि पलीकडे वेळासला राहायचं. तिथल्या एका घरच्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, या, कितीही उशीर होऊ दे.

बागमांडल्याला सावित्री समुद्राला मिळते. तिथून वेसवीला जंगल जाते, म्हणजे मोटारी आणि माणसं एकदमच नेणारी फेरीबोट. आम्ही साडेपाचच्या सुमाराला धक्क्यावर पोहोचलो तर जंगल पलीकडे उभी, आणि अलीकडे पाणी इतकं खाली गेलेलं की उताराचा शेवाळलेला भाग उघडा पडला होता. अमावास्या जवळ आली की उधाण असतं. भरतीला पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला तितकंच खाली उतरतं. धक्क्यावरच्या माणसाने घड्याळही न बघता सांगितलं, पाणी फिरलंय, दोन तास बसा.

आई, तू मला सारखा फोन करत होतीस तो हाच वेळ. तिथे रेंज येत-जात होती. तुझे न लागलेले फोन मला रात्री एकदम दिसले, आणि तुझा जीव किती टांगणीला लागला असेल ते कळलं. खरं सांगते, आम्ही त्या वेळी अगदी नीट होतो. शिवरात्रीहून परतणारी कितीतरी माणसं आमच्याबरोबर थांबली होती. एका घरातल्या आजीबाईंनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर उकडलेली रताळी दिली, वर गूळ. त्यांनी आधी मला विचारलं, "सासरची परवानगी आहे ना असं सायकलवर हिंडायला?" मी म्हटलं, माहेरची आणि सासरची, दोन्हीकडची आहे. त्यांना ते मनापासून आवडलं. मग त्यांच्या मुलीबद्दल बोलत बसल्या. ती मुंबईला नर्स आहे, गणपतीत येते, शिमग्याला येईल असं म्हणते पण रजा मिळेलच असं नाही. बोलता बोलता अंधार पडला, पाणी हळूहळू उतार चढू लागलं, आणि पलीकडचा दिवा हलला तेव्हा सगळेच उठून उभे राहिले. जंगलच्या लोखंडी फळीवरून सायकली चढवायला दोन तरुण आपणहून पुढे आले. खाडीच्या मध्यावर वारा गार लागत होता. डोक्यावर इतक्या चांदण्या मी फक्त लहानपणी, वीज गेली की आपल्या गच्चीवरून पाहिल्या होत्या.

वेळासला त्या माऊलींनी जेवण झाकून ठेवलं होतं. हे गाव नाना फडणवीसांचं. आता ते समुद्री कासवांसाठी ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालून निघून जातात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत पुरतात, वर टोपली ठेवतात, आणि साधारण दीड महिन्यानंतर पिल्लं बाहेर येतात. आम्ही पहाटे किनाऱ्यावर गेलो. टोपल्या एकेक करून उचलल्या. त्या दिवशी एकही पिल्लू निघालं नव्हतं. लहान मुलं हिरमुसली, पण राखण करणारा माणूस प्रत्येक टोपली तितक्याच हळुवार हाताने परत ठेवत होता. मला ते बघून फार बरं वाटलं.

आता मुख्य गोष्ट.

वेळासहून केळशीकडे जाताना डोंगर चढावा लागतो. मध्यावर असताना माझ्या मागच्या चाकातून टण्ण असा आवाज आला. बाबा, तुम्ही हा आवाज ओळखाल. उतरून पाहिलं तर मागच्या चाकाची उजव्या बाजूची एक तार मुळाशी तुटली होती आणि चाक ब्रेकला घासत होतं. मागच्या चाकावर भार जास्त, आणि उजवीकडे गिअरची चक्रं असल्यामुळे तिकडच्या तारा जास्त ताणलेल्या असतात, त्यामुळे बहुधा तिथलीच तुटते. ह्याने तारा आवळायची चावी काढून शेजारच्या तारा थोड्या कमी-जास्त केल्या, ब्रेक सैल सोडला, माझ्या पिशव्या स्वतःच्या सायकलवर घेतल्या. तसेच सावकाश केळशी, आंजर्ले, हर्णै असे गेलो. चढ आला की उतरून चालायचं. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला खालूनच नमस्कार केला. हर्णैला मासळीचा लिलाव रंगात आला होता, तिथे मात्र दहा मिनिटं थांबलो.

मुरुडला आल्यावर मी ह्याला थांबवलं. ज्यांच्या नावाच्या भागात आपण भाड्याने राहतो त्या महर्षी कर्व्यांचं हे गाव. बाबा, तुम्हीच मला सांगितलं होतं, की ते शाळकरी वयात परीक्षेसाठी या मुरुडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. तसेच परत आले. मी ती गोष्ट लहानपणी नुसती ऐकली होती. चाक हातात धरून त्या चढावर चालताना ती प्रथमच पायांना समजली.

दापोलीत सायकलवाले म्हातारे मिस्त्री भेटले. त्यांच्याकडे आमच्या मापाची तार नव्हती आणि गिअरचं चक्र काढायचं हत्यारही नव्हतं. त्यांनी चाक मांडीवर घेतलं, फिरवलं, कान लावून तारांवरून नख ओढलं. मग जुन्या मोठ्या सायकलची एक लांब तार घेतली, तिचं डोकं छाटलं, पक्कडने टोकाला नागमोडी वळण दिलं आणि चक्र न काढताच ती मधल्या भोकात अशी काही अडकवली, की आम्ही दोघं बघतच राहिलो. वीस मिनिटांत चाक सरळ. तुम्ही खांबावर चढून तुटलेल्या तारेला जोड द्यायचा, तेव्हा खाली उभी राहून मी जशी बघायचे, तशीच बघत होते. ते म्हणाले, "पोरी, सपाटीवर चालेल. सामान लादून मोठा घाट चढू नकोस. आणखी दोन तारा दमल्यात, त्यांचा आवाज वेगळा येतोय."

पुढे दाभोळची खाडी, गुहागर, चिपळूण, आणि मग कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडमार्गे तुमच्याकडे, असं आपलं ठरलं होतं. रात्री आम्ही दोघांनी बसून विचार केला आणि मिस्त्रींचं ऐकायचं ठरवलं. तसंच बसने यावं तर ह्याची रजा संपत होती. हापूसच्या सुरुवातीच्या पेट्या घेऊन एक टेम्पो मार्केट यार्डला निघाला होता, त्यात पेट्यांच्या मागे सायकली बांधल्या. रात्रभर आंब्याच्या आणि गवताच्या वासात बसून आलो. चाकाच्या सगळ्या तारा आता इथे नव्या घालून घेतल्या आहेत.

हे सगळं वाचून तुम्हाला काळजी वाटेल, मला माहीत आहे. तरी लिहिलं, कारण मला तुमच्याकडून काहीतरी मागायचं आहे.

काल शेजारच्या काकूंचा फोन आला होता. शिवरात्रीला सकाळी देवळातून परतताना बाबांना चक्कर आली, पायरीवर बसवावं लागलं, घाम फुटला होता. दवाखान्यात नेलं, रक्तदाब खूप वाढलेला निघाला. आई, तू काकूंना म्हणालीस, पोरं रस्त्यावर आहेत, त्यांना सांगू नका. म्हणजे मी धक्क्यावर रताळी खात होते तेव्हा तू एकटी दवाखान्यातून घरी येऊन मला फोन लावत होतीस, आणि लागला असता तरी विचारणार होतीस, जेवलात का.

आई, असं करू नकोस ग. मला राग आला नाही, पण काल रात्रभर झोप लागली नाही. बाबा, तुम्ही नोकरीत असताना रात्री दोन वाजता माणूस दारात आला तरी सायकल काढून निघायचात. तुम्ही लोकांना सांगायचात, लाईट गेल्यावर येऊ नका, दिवा बारीक झाला, तारेतून ठिणगी पडली, की लगेच सांगा, म्हणजे मला फॉल्ट सापडेल. मी तेच मागते आहे. चक्कर, छातीत जडपणा, आईचे गुडघे, रात्रीची झोप, जे असेल ते त्याच दिवशी सांगायचं. मी घाटात असले तरी सांगायचं. मी सायकल बाजूला लावून ऐकेन. त्या वेळी धावत येता येणार नाही कदाचित, पण डॉक्टरांशी बोलता येईल, कऱ्हाडच्या दादाला पाठवता येईल, निदान तू एकटी नसशील.

आता कामाचं. पाडव्याला आम्ही दोघं येतोय, बसने. तोपर्यंत एका वहीत रोज सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब लिहून ठेवा. मी मशीन कुरियरने पाठवलंय. शेजारच्या काकूंचा मुलगा ते बांधायला शिकवेल, त्याच्याशी बोलले आहे. मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, चहा पिऊन लगेच मोजायचं नाही. नव्या गोळ्यांच्या पाकिटाचा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो त्याच्याकडून मला पाठवा. बाबा, गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही, आणि पुढची तपासणी होईपर्यंत टाकीच्या शिडीवर चढायचं नाही. सायकलही डॉक्टरांना विचारूनच. आई, लोणचं आणि पापड त्यांच्या ताटातून काढ. शेंगापोळ्या शेजारी वाटून टाक, आमच्या वाट्याच्या पाडव्याला नव्या कर, मी लाटायला आहे.

हा तुम्हा दोघांना नमस्कार सांगतो.

तुमची लेक